कमी स्पर्धेचे शब्द आणि क्लिकचा हिशेब



गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांचा विषय एकच आहे. अमेरिकेतील आपल्या समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहांतून एक संदेश फिरतो आहे. २०० डॉलर भरा आणि ‘कमी स्पर्धेच्या, हमखास नफ्याच्या ५०० कीवर्ड’ची यादी घ्या, गूगलवर त्या शब्दांच्या जाहिराती लावा, लोक तुमच्या दुव्यावरून वस्तू घेतील आणि कमिशन घरबसल्या जमा होईल, असे त्यात म्हटले आहे. ही यादी घ्यावी काय, असा वाचकांचा प्रश्न आहे. विक्रेत्याचे नाव घेण्याचे कारण नाही. असे विक्रेते पुष्कळ आहेत आणि पुढेही होतील. आमचे उत्तर असे की, यादी घेऊ नये. कमी स्पर्धेचा शब्द ५०० जणांना विकला गेला की तो कमी स्पर्धेचा राहत नाही, एवढा साधा विचार पुरेसा आहे. मात्र ‘घेऊ नका’ एवढे सांगून हात झटकणे आम्हांस रुचत नाही. असा शब्द स्वतः कसा शोधावा आणि त्यातून खरोखर किती पैसा सुटतो, हे मांडणे अधिक उपयोगाचे ठरेल.

प्रथम या बाजाराची घडण समजून घेऊ. शोधाच्या शब्दावर बोली लावायची आणि कोणी क्लिक केले तरच पैसे द्यायचे, ही पद्धत १९९८ मध्ये बिल ग्रॉस यांच्या गोटू डॉट कॉमने रूढ केली. तेथे ज्याची बोली मोठी तो वर, असा सरळ मामला होता. गूगलने ऑक्टोबर २००० मध्ये आपली जाहिरात सेवा सुरू केली आणि फेब्रुवारी २००२ मध्ये प्रति क्लिक लिलाव आणताना त्यात एक महत्त्वाचा फेरफार केला. नुसती बोली न पाहता लोक त्या जाहिरातीवर किती वेळा क्लिक करतात, हेही क्रम ठरवताना धरले जाऊ लागले. आज त्यात जाहिरातीची शब्दाशी सुसंगती आणि क्लिक केल्यावर उघडणाऱ्या पानाचा दर्जा यांचीही भर पडली आहे. छोट्या माणसाला या लिलावात जागा मिळते ती या फेरफारामुळेच. ५० सेंट बोलीची पण विषयाला धरून नसलेली जाहिरात, १५ सेंट बोलीच्या नेमक्या जाहिरातीच्या खाली जाऊ शकते.

आता शब्दाकडे वळू. गूगलच्या कीवर्ड प्लॅनर या साधनात प्रत्येक शब्दापुढे ‘स्पर्धा’ असा रकाना असतो. त्यात कमी, मध्यम किंवा जास्त असे लिहिलेले असते. हा रकाना किती जाहिरातदार त्या शब्दावर बोली लावत आहेत, एवढेच सांगतो. त्या शब्दावर विक्री होते की नाही, हे तो सांगत नाही. यादी विकणारे नेमके येथेच नवख्याला गाठतात. ‘कमी’ असे लिहिलेले हजारो शब्द कोणालाही तासाभरात काढता येतात. गावाबाहेरचा एखादा माळ मोकळा दिसतो तो कोणाच्या नजरेस पडला नाही म्हणून, की तेथे पाणीच लागत नाही म्हणून, हे विचारल्यावाचून शेतकरी तेथे नांगर घालत नाही. त्याच साधनात पानाच्या वरच्या भागात जाहिरात येण्यासाठी पडणाऱ्या बोलीचे दोन रकाने असतात, एक खालचा दर आणि एक वरचा. स्पर्धा ‘कमी’ आहे आणि हे दोन्ही रकाने कोरे आहेत, तर त्या शब्दाला बहुधा कोणी पैसे मोजलेलेच नाहीत. स्पर्धा ‘कमी’ असूनही तेथे आकडा असेल, तर मोजकेच लोक आहेत पण ते पैसे देत आहेत, असा अर्थ निघतो. आमच्या मते तपास करावा तो या दुसऱ्या प्रकारच्या शब्दांचा.

उदाहरण आपल्याच स्वयंपाकघरातले घेऊ. भारतात वीज २३० व्होल्ट व ५० हर्ट्झची असते. अमेरिकेत १२० व्होल्ट व ६० हर्ट्झची. नागपूरहून वा पुण्याहून आणलेला मिक्सर येथे नुसता प्लग बदलून चालत नाही. येथील दुकानातला ब्लेंडर भरपूर पाणी घातल्याशिवाय ओले वाटण करत नाही, आणि सुके खोबरे व खडा मसाला त्यात नीट दळला जात नाही. म्हणून आपली माणसे येथे ‘११० व्होल्टचा मिक्सर ग्राइंडर’ शोधतात. (वीज १२० व्होल्टची असली तरी बोलण्यात ११०च येते, आणि लोक शोधखिडकीत बोलतात तसेच लिहितात.) हा शब्द अमेरिकन जाहिरातदाराला सहसा सुचत नाही. त्याच्या भाषेत मिक्सर म्हणजे केकचे पीठ फेटणारे यंत्र किंवा ध्वनिमुद्रणाचे उपकरण, आणि ग्राइंडर म्हणजे खिमा करण्याचे नाहीतर लोखंड घासण्याचे यंत्र. त्याने साधनात ‘ब्लेंडर’ हा मूळ शब्द घातला, तर त्याला ब्लेंडरचीच भावंडे सुचवली जातील. आपला मिक्सर त्या यादीत क्वचितच येईल.

खरा कमी स्पर्धेचा शब्द असा सापडतो. तो एखाद्या समाजाच्या बोलण्यात असतो आणि बाजाराच्या शब्दकोशात नसतो. ज्वारीच्या पिठाला येथील दुकानदार ‘सोरघम फ्लोअर’ म्हणतो. आपण ज्वारी, हिंदी भाषक ज्वार, आणि रोमन लिपीत त्याची चार-पाच रूपे होतात. नाचणीला कानडी माणूस रागी म्हणतो आणि इंग्रजी पाकिटावर ‘फिंगर मिलेट’ असते. पोह्यांना तमिळ घरात अवल म्हणतात, बंगाली घरात चिरे. ज्याला या सगळ्या घरांची भाषा कानावर आहे, त्याच्याकडे साधनाजवळ नसलेली माहिती आहे. ऑफिसातल्या जेवणाच्या टेबलावर, लहान मुलांच्या वाढदिवसाला, विहारातील भोजनदानाच्या वेळी बायाबापड्या काय विचारतात ते ऐकावे. ‘तुमचा मिक्सर कुठला? भांडे गळत नाही ना?’ यातले ‘भांडे गळणे’ हे पाच आकडी बजेट असलेल्या जाहिरातदाराच्या यादीत नाही.

येथे एका जुन्या युक्तीचा उल्लेख करणे भाग आहे, कारण यादी विकणारे अजून ती सांगतात. शब्दाचे चुकीचे स्पेलिंग स्वस्तात घ्यावे, असे पूर्वी म्हणत. २०१४ पासून गूगल नेमक्या जुळणीच्या शब्दालाही त्याची चुकीची व अनेकवचनी रूपे आपोआप जोडते, आणि २०१८ पासून समान अर्थाचे शोधही त्यात धरते. त्यामुळे ‘गाइंडर’ असे लिहून कोणाला चकवता येत नाही. वेगळ्या भाषेतला वेगळा शब्द मात्र अजून पुष्कळदा वेगळाच राहतो, निदान त्याचा वापर विरळ असेल तेथे.

आता हिशेब. हा भाग यादीच्या संदेशात कधीच नसतो.

अ‍ॅमेझॉनच्या अमेरिकेतील कमिशन-पत्रकात स्वयंपाकघराच्या वस्तूंना ४.५ टक्के आणि किराण्याला १ टक्का आहे. किराण्याचा दर एप्रिल २०२० पूर्वी ५ टक्के होता. एका पत्राने तो पाचव्या हिश्शावर आला. शिवाय २००९ पासून उत्तर अमेरिकेत, जाहिरातीवरून ग्राहकाला थेट अ‍ॅमेझॉनवर नेल्यास कमिशन मिळत नाही. त्याला आधी आपल्या स्वतःच्या पानावर आणावे लागते आणि तेथून त्याने पुढे जावे लागते. म्हणजे गळती दोन ठिकाणी. समजा १०० जणांनी जाहिरातीवर क्लिक केले, त्यांतील ४० जण आपल्या पानावरून दुकानात गेले आणि त्यांतील ८ टक्क्यांनी वस्तू घेतली. खरेदी झाल्या ३.२. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल धरले आहेत. ज्याने त्याने आपले मोजून घ्यावेत.

मिक्सर २०० डॉलरचा असेल तर एका विक्रीमागे ९ डॉलर मिळतात. ३.२ विक्रींचे २८.८० डॉलर. १०० क्लिकना विभागले तर क्लिकमागे जवळजवळ २९ सेंट. याहून एक सेंट जास्त दिला की तोटा सुरू. थोडी वावगी ठेवून १४ सेंटची बोली लावावी, असे आम्ही म्हणू.

हाच हिशेब ज्वारीच्या पिठाला लावून पाहा. १२ डॉलरच्या पिशवीवर १ टक्का म्हणजे १२ सेंट. ३.२ विक्रींचे ३८ सेंट. क्लिकमागे अर्धा सेंटसुद्धा नाही. प्रेशर कुकरची रिंग १० डॉलरची धरली तर विक्रीमागे ४५ सेंट आणि क्लिकमागे दीड सेंटाच्या आत. ज्वारी आणि कुकरची रिंग या दोन्ही शब्दांपुढे ‘स्पर्धा कमी’ असे दिसले, तर त्याचे कारण आता कळेल. तेथे कोणी पोहोचले नाही असे नव्हे. पोहोचलेल्यांनी हिशेब केला आणि ते परत गेले. (ग्राहकाने २४ तासांच्या आत त्याच दुव्यावरून दुसरे काही घेतले तर त्याचेही कमिशन मिळते. त्या आशेवर काही जण रिंगचा शब्द धरून बसतात. आमचा त्यावर फारसा विश्वास नाही.)

म्हणून शब्द शोधण्याआधी वस्तू निवडावी, वस्तूआधी कमिशनचे पत्रक वाचावे, आणि क्लिकची कमाल किंमत कागदावर मांडल्याशिवाय साधन उघडू नये. यादी विकणारा या क्रमाच्या शेवटच्या टोकापासून सुरुवात करतो.

शब्दामागचा माणूस कोण, हाही प्रश्न हिशेबाइतकाच महत्त्वाचा आहे. ‘इंडियन मिक्सर अमेरिकेत चालेल का’ असा शोध घेणारा माणूस पाहा. तो बहुधा अजून भारतातच आहे. ऑगस्टमध्ये त्याचे कॉलेज सुरू होणार, आईने बॅगेत मिक्सर भरला आहे आणि तो २३ किलोंचा हिशेब करतो आहे. हा आज काही विकत घेणार नाही. पण त्याने क्लिक केले तर आपले १४ सेंट जातील. गूगलच्या मोहिमेत ठिकाण ‘अमेरिका’ निवडले तरी मूळ मांडणीत त्या ठिकाणाविषयी उत्सुकता दाखवणारे, म्हणजे भारतात बसलेले लोकही धरले जातात. ती मांडणी बदलून प्रत्यक्ष तेथे असलेले लोकच निवडावेत. याउलट ‘मिक्सरचे चटणीचे भांडे ११० व्होल्ट’ असे शोधणाऱ्याकडे मिक्सर आधीच आहे. त्याला सुटे भांडे हवे. आणि ‘११० व्होल्ट मिक्सर ७५० वॉट तीन भांडी’ असे लिहिणाऱ्याच्या हातात जणू पैशाचे पाकीट आहे. तिन्ही शब्दांपुढे साधन कदाचित एकसारखाच ‘कमी’ शिक्का मारील.

नको असलेले अर्थ वगळण्यासाठी नकारात्मक शब्दांची यादी पहिल्याच दिवशी द्यावी: स्टँड, केक, ऑडिओ, सिमेंट, मीट, अँगल, दुरुस्ती, मॅन्युअल, जुना, फुकट. शब्द कोणत्याही चिन्हाविना टाइप केला की गूगल त्याची सैल जुळणी धरते. म्हणून तो अवतरणचिन्हांत किंवा चौकोनी कंसात द्यावा. एवढे करूनही सगळे दिसत नाही. सप्टेंबर २०२० पासून पुरेशा लोकांनी न वापरलेले शोध गूगल अहवालात दाखवत नाही, आणि आपला धंदा तर नेमका विरळ शोधांवर आहे. पैसे कशावर गेले याचा काही भाग आपल्याला कधीच कळणार नाही, हे गृहीत धरूनच बोली लावावी.

आणखी एक अडचण तांत्रिक आहे. विक्री दुसऱ्याच्या दुकानात होते, त्यामुळे कोणत्या क्लिकने विक्री आणली हे गूगलला दिसत नाही. जे दिसत नाही त्यावरून त्याची स्वयंचलित बोली काही शिकू शकत नाही. तेव्हा बोली स्वतः ठरवावी, आणि शब्दांच्या प्रत्येक गटासाठी दुकानाचा वेगळा ट्रॅकिंग आयडी घ्यावा, म्हणजे निदान कोणता गट कमावतो हे तरी कळते.

धीर किती धरावा? ३.२ टक्के विक्रीचा आमचा अंदाज बरोबर असला, तरी पहिल्या ३० क्लिकमध्ये एकही विक्री न होण्याची शक्यता सुमारे ३८ टक्के आहे. १०० क्लिकमध्ये एकही न होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आसपास उतरते. म्हणजे ३० क्लिकना निराश होऊन शब्द टाकणे हे नाणे फेकण्याहून फारसे वेगळे नाही, आणि १०० क्लिकनंतरही आशा धरणे म्हणजे हट्ट. १०० क्लिकना १४ सेंटप्रमाणे १४ डॉलर लागतात. परीक्षा महाग नाही. पण महिन्याला ३० वेळा शोधल्या जाणाऱ्या शब्दावर शेकडा ५ जणांनी क्लिक केले तर महिन्याला दीडच क्लिक होतो, आणि १०० क्लिक व्हायला साडेपाच वर्षे लागतात. त्याहून विरळ शब्द गूगल ‘शोध अत्यल्प’ म्हणून थांबवूनच ठेवते. म्हणून एकेक शब्द तपासता येत नाही. एकाच हेतूचे ४० शब्द एका गटात बांधून गटाची परीक्षा करावी लागते.

असा एक गट नीट चालला तर काय मिळते? ४० शब्द, महिन्याला ६० क्लिक, क्लिकमागे पावणेपंधरा सेंट शिल्लक. महिन्याचे जवळजवळ ९ डॉलर. २०० डॉलरच्या यादीचे पैसे फिटायला २२-२३ महिने लागतील, आणि तेही ती यादी खरी असेल तर. असे दहा गट उभे केले तर महिन्याला ९० डॉलर होतात, पण मग ती नोकरीच झाली. ‘घरबसल्या’ हा शब्द तेथे लागू पडत नाही.

हे वाचून कोणी म्हणेल की, मग जास्त कमिशनचे विषय घ्यावेत. ते आहेत. कर्ज, व्यसनमुक्ती केंद्रे, अपघाताचे दावे, सरकारी कागदपत्रे भरून देणाऱ्या सेवा. तेथे एका ग्राहकामागे मिळणारी रक्कम आमच्या मिक्सरच्या कितीतरी पट असते. त्याचे कारणही उघड आहे: तेथे शोधणारा माणूस अडचणीत असतो, आणि अडचणीतला माणूस भाव करत नाही. गूगलने जुलै २०१६ मध्ये पगारापुरत्या अल्पमुदतीच्या कर्जांच्या जाहिराती बंद केल्या आणि सप्टेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत व्यसनमुक्तीच्या शब्दांवर निर्बंध आणले. मधल्या दलालांनी रुग्णांचा बाजार मांडला होता. सावकारी म्हणजे काय हे आपल्या आधीच्या पिढ्यांना कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आमचे मत असे की, विचारणारा माणूस ज्या शब्दात घाबरलेला आहे, तो शब्द कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. वाचक याहून वेगळे मत ठेवू शकतात. पण ठेवण्याआधी त्या शोधखिडकीपुढे आपली बहीण बसली आहे अशी कल्पना करून पाहावी.

कायद्याच्या दोन गोष्टी. पानावरून कमिशन मिळते, हे वाचकाला सहज दिसेल अशा जागी आणि साध्या शब्दांत सांगणे अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनला अपेक्षित आहे. त्यांची ही मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये विस्तारली गेली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुधारली गेली. तळाशी बारीक अक्षरांत लिहून भागत नाही.

दुसरी गोष्ट आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घराशी निगडित आहे. एच-१बी वर असलेल्या व्यक्तीला ज्या मालकाने अर्ज केला आहे, त्याच्याकडेच काम करण्याची मुभा असते. शेअर घेऊन ठेवणे ही गुंतवणूक मानली जाते. पण रोज बोली बदलणे, जाहिराती लिहिणे, पान सांभाळणे आणि त्याचे कमिशन घेणे याला गुंतवणूक म्हणणे कठीण आहे. महिन्याच्या ९ डॉलरसाठी ग्रीन कार्डाची रांग धोक्यात घालावी, असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. एच-४ वरील काही जोडीदारांना मे २०१५ पासून कामाचा परवाना मिळू शकतो आणि त्यावर स्वतःचा व्यवसायही करता येतो. तेथेही नाव एकाचे आणि काम दुसऱ्याचे असा प्रकार नको. सुरुवात करण्यापूर्वी स्थलांतर कायद्याच्या वकिलाला एकदा विचारावे. समूहातील ‘माझ्या मित्राने केले, काही झाले नाही’ हा सल्ला नव्हे.

ज्यांना परवानगी आहे आणि ज्यांना हे काम मनापासून करून पाहायचे आहे, त्यांनी पानापासून सुरुवात करावी. नुसते दुव्यांचे पान गूगल नाकारते, आणि ते योग्यच आहे. कोणत्या मिक्सरचे भांडे गळते, कोणता येथे दुरुस्त होतो, भारतात घेतलेल्या यंत्राची हमी येथे चालते का, ट्रान्सफॉर्मर लावून जुना मिक्सर चालवला तर मोटार किती तापते, वाटणाला किती पाणी लागते, हे स्वतः पाहून लिहिलेले पान असेल तर जाहिरातीचा दर्जा वाढतो आणि १४ सेंटची बोलीही टिकते. चार-पाच घरांतले मिक्सर एका शनिवारी एकत्र आणले तर एवढी माहिती दुपारपर्यंत जमते. नकारात्मक शब्दांची यादी पुढे कशी वाढवत न्यावी, याविषयी पुढील अंकात लिहू. ज्यांनी आपल्या मोहिमेचे आकडे पाठवले आहेत, त्यांचे हिशेब नावे गाळून तेथेच मांडू.